औषधं स्वस्त झाली, मग मेडिक्लेमचा हप्ता का वाढला?

22 सप्टेंबर 2025 ला दोन बदल एकाच दिवशी लागू झाले. बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आणि वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी थेट शून्य झाला. व्हॉट्सॲपवर लगेच मेसेज फिरले, "औषधं स्वस्त, विमा 18 टक्क्यांनी स्वस्त". पुढच्या काही महिन्यांत लोकांच्या हातात रिन्यूअलच्या नोटिसा पडायला लागल्या, आणि त्यात बऱ्याच जणांचा आकडा गेल्या वर्षापेक्षा जास्त होता.

मी जालन्यात राहतो. मोबाइल-ॲपमधलं थोडं कळतं म्हणून ओळखीचे लोक अशा नोटिसांचे फोटो मला पाठवतात. प्रश्न जवळपास एकच असतो. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी विचारला तसा, "अरे, टॅक्स काढला, औषधं उतरली, मग हे वरचे पैसे कशाचे? या वर्षी भरूच नये म्हणतो."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. हप्ता सोडून देणं ही काही मोबाइलचा रिचार्ज न करण्यासारखी गोष्ट नाही. शुगर-बीपी असलेल्या माणसाने पॉलिसी एकदा तुटू दिली तर नवीन पॉलिसीत जुन्या आजारांसाठी पुन्हा 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून आधी हिशोब समजून घेऊ आणि मग भरायचं की नाही ते ठरवू.

आपल्या घरात औषधाच्या दोन वेगळ्या वह्या असतात

गोंधळ कुठे होतो ते सांगतो. आपण "दवाखान्याचा खर्च" असं एकच नाव देतो, पण त्यात दोन वेगळे खर्च असतात.

एक वही मेडिकलच्या दुकानातली. आईची बीपीची गोळी, वडिलांची शुगरची, थायरॉइडची, गुडघेदुखीची. दर महिन्याला ठरलेली. हे पैसे आपल्या खिशातून जातात, विमा यात येत नाही.

दुसरी वही ॲडमिट झाल्यावरची. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये दवाखान्यात भरती असतानाची औषधं येतात, शिवाय भरती होण्याच्या आधीचे आणि सुट्टी झाल्यानंतरचे काही दिवस. सगळ्या कंपन्यांना विकावी लागणारी 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाणित पॉलिसी घेतली तर आधीचे 30 दिवस आणि नंतरचे 60 दिवस, तेही त्याच आजाराशी संबंधित असेल तर. बाकी वर्षभराच्या गोळ्या तुमच्या तुम्ही.

सरकार औषधांबद्दल जे निर्णय घेतं त्यांचा मोठा परिणाम पहिल्या वहीवर होतो. हप्ता मात्र दुसऱ्या वहीवरून ठरतो. पहिल्या वहीतली बातमी वाचून आपण दुसऱ्या वहीत फरक शोधतो, म्हणून तो सापडत नाही.

शंभर रुपयांच्या हप्त्यात औषध किती?

हे आकड्यांत पाहू. औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था म्हणजे राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण, बोलीभाषेत एनपीपीए. 2018 च्या फेब्रुवारीत या संस्थेने दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासून अहवाल काढला. त्यात असं दिसलं की एकूण बिलात किंमत-नियंत्रणाखालच्या औषधांचा वाटा सुमारे 4 टक्के होता आणि नियंत्रणाबाहेरच्या औषधांचा सुमारे 26 टक्के. उरलेलं म्हणजे खोली, तपासण्या, डॉक्टरांची फी, ऑपरेशन, हातमोजे-सिरिंज वगैरे.

आता हा हिशोब बघा. समजा तुमच्या 100 रुपयांच्या हप्त्यातले 65 रुपये विमा कंपनी क्लेम भागवायला वापरते (हा आकडा मी समजण्यापुरता धरलाय, प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो). त्या 65 मध्ये नियंत्रणाखालच्या औषधांचे 4 टक्के म्हणजे 2 रुपये 60 पैसे. सरकारने उद्या या सगळ्या औषधांची किंमत 10 टक्के कमी केली, तर हप्त्यात बसणारा फरक किती? 26 पैसे.

शंभर रुपयांमागे 26 पैसे. टीव्हीवर ब्रेकिंग न्यूज, आणि हप्त्यात चार आण्यांचा फरक.

जीएसटीची कपात सगळ्या औषधांवर धरली तरी तीच गत. औषधांचा एकूण वाटा 30 टक्के, त्यावर सव्वासहा टक्क्यांची बचत (हा आकडा कुठून आला ते खाली सांगतो), म्हणजे 100 रुपयांच्या हप्त्यात साधारण सव्वा रुपया. हा सव्वा रुपया कंपनी तुम्हाला देईलही, पण त्याच वर्षी खोलीचं भाडं आणि तपासण्यांचे दर वाढले तर तो कुठे गेला ते कळणारही नाही.

चार हॉस्पिटलं दिल्लीकडची होती, जालना किंवा छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्याचं बिल वेगळं दिसेल, हे मान्य. पण प्रमाणाचा अंदाज यायला एवढं पुरे.

मग किंमत-नियंत्रण म्हणजे नक्की काय?

2013 च्या मे महिन्यात आलेला औषध किंमत नियंत्रण आदेश सध्या लागू आहे. आरोग्य मंत्रालय 'अत्यावश्यक औषधांची राष्ट्रीय यादी' काढतं. 2022 च्या यादीत 384 औषधं आहेत. या यादीतल्या औषधाला एनपीपीए कमाल किंमत ठरवून देते. पद्धत अशी: त्या औषधाचे जेवढे ब्रँड बाजारात 1 टक्का किंवा जास्त हिस्सा राखून आहेत, त्यांच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतीची सरासरी काढायची आणि त्यावर दुकानदाराचे 16 टक्के धरायचे. यापेक्षा महाग कोणी विकायचं नाही, वर फक्त जीएसटी.

म्हणजे इथे 'गोळी बनवायला किती खर्च आला' हे पाहतच नाहीत, बाजारातल्या किमतींचीच सरासरी काढतात. बाजारात सगळेच महाग विकत असतील तर सरासरीही महागच येणार. मला ही पद्धत फारशी पटत नाही, पण आहे ती अशी आहे.

ही कमाल किंमत दर एप्रिलला घाऊक महागाईच्या आकड्याप्रमाणे हलते. 2022 मध्ये 10.76 टक्के वाढीची मुभा मिळाली, 2023 मध्ये 12.12 टक्के, 2024 मध्ये जवळपास शून्य आणि 2025 मध्ये 1.74 टक्के. दर एप्रिलला "औषधं महागली" अशा बातम्या येतात त्या याच. क्वचित याहून मोठी वाढही होते. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये एनपीपीएने 8 औषधांच्या कमाल किमती एकदम 50 टक्के वाढवल्या. त्यात दम्याची सालब्युटामॉल, मानसिक आजारातली लिथियमची गोळी, काचबिंदूचे पायलोकार्पिनचे थेंब अशी जुनी, स्वस्त औषधं होती. कारण असं दिलं की एवढ्या कमी भावात कंपन्यांना उत्पादन परवडत नव्हतं आणि औषध बाजारातून गायब होण्याची भीती होती.

यादीबाहेरच्या औषधांना कमाल किंमत नाही. नियम एवढाच की 12 महिन्यांत 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही. ऐकायला कडक वाटतं. पण 100 रुपयांची स्ट्रिप दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढवत गेलं तर पाच वर्षांत 161 ची होते, सगळं नियमात राहून.

आणि इथेच जोडगोळ्यांचा प्रश्न येतो. मेटफॉर्मिन यादीत आहे, ग्लिमेपिराइडही यादीत आहे. पण दोन्ही एकत्र केलेली गोळी यादीत नाही. जोडगोळी डॉक्टर सोयीसाठी देतात, रुग्णालाही एकच गोळी घ्यायला बरी वाटते. काही नव्या जोडगोळ्यांची किंमत एनपीपीए कंपनीनिहाय ठरवून देते, पण "शुगरच्या औषधाचे भाव सरकारने बांधलेत" असं समजून चाललात तर तुमच्या हातातली स्ट्रिप त्यात नसण्याची शक्यता बरीच असते.

जिथे हप्त्यावर खरंच परिणाम होऊ शकतो

औषध-धोरणाचा विम्यावर काहीच परिणाम होत नाही असं मात्र नाही. महागडी औषधं आणि शरीरात बसवायच्या वस्तू यांची गोष्ट वेगळी.

हृदयाच्या स्टेंटचं उदाहरण घ्या. 14 फेब्रुवारी 2017 पासून औषध सोडणाऱ्या स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये झाली. त्याआधी त्याची सरासरी एमआरपी 1 लाख 21 हजारांच्या घरात होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटलाही मर्यादा आली. एका अँजिओप्लास्टीत एक-दोन स्टेंट लागतात, त्यामुळे क्लेममध्ये हा फरक मोठा आहे. पण हॉस्पिटलचं पॅकेज स्टेंटच्या किमतीएवढं उतरेलच असं नसतं, कारण मर्यादा बिलातल्या एका ओळीला आहे. बाकीच्या ओळी मोकळ्या आहेत. स्टेंटची मर्यादाही आता वाढत वाढत एप्रिल 2025 मध्ये 38,933 रुपयांवर गेली आहे.

कॅन्सरची औषधं हे दुसरं उदाहरण. 2019 च्या फेब्रुवारीत एनपीपीएने कॅन्सरच्या 42 औषधांवर व्यापारी नफ्याची मर्यादा 30 टक्के केली. सप्टेंबर 2025 च्या जीएसटी बदलात 33 जीवरक्षक औषधांवरचा 12 टक्के कर पूर्ण काढला. केमोथेरपी, इम्युनोथेरपी, अगदी घरी घ्यायची केमोची गोळीसुद्धा आता विम्यात येते, पण बहुतेक ठिकाणी मर्यादेसह. आरोग्य संजीवनीत अशा आधुनिक उपचारांना विमा रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंतच पैसे मिळतात. 5 लाखांची पॉलिसी असेल तर अडीच लाख. अशा रुग्णाच्या घरी औषधाची किंमत उतरली तर हप्ता कमी होणार नाही, पण तीच अडीच लाखांची मर्यादा जास्त दिवस पुरेल. मला वाटतं, आपल्याकडच्या औषध-धोरणाचा विमाधारकाला होणारा सगळ्यात खरा फायदा हाच आहे. आणि याबद्दलच कोणी बोलत नाही.

अमेरिकेत उलटं का होतं?

आपल्याकडच्या पुष्कळ घरांतली मुलं अमेरिकेत आहेत आणि काहींचे आई-वडील तिकडे कायमचे गेलेत. त्यांच्याकडून 'मेडिकेअर पार्ट डी' हे नाव कानावर पडतं. हा ज्येष्ठांसाठीचा औषधांचा वेगळा विमा आहे. दर महिन्याच्या गोळ्या त्यात येतात. म्हणजे वर सांगितलेल्या दोन वह्यांपैकी पहिली वहीसुद्धा तिथे विम्यात आहे.

म्हणून तिथे औषधाचा कायदा बदलला की हप्ता लगेच हलतो. 2022 च्या कायद्याने इन्शुलिनला महिन्याला 35 डॉलरची मर्यादा घातली आणि 2025 या वर्षात रुग्णाच्या खिशातून 2,000 डॉलरपेक्षा जास्त जाणार नाहीत असं केलं. रुग्णाचा भार कमी झाला, तो भार गेला विमा योजनांवर. मग हप्ते भडकू नयेत म्हणून त्याच कायद्यात पायाभूत हप्त्याची वाढ वर्षाला 6 टक्क्यांवर रोखली. तो 2024 मध्ये 34.70 डॉलर होता, 2025 मध्ये 36.78 झाला. बरोबर 6 टक्के. मर्यादेला टेकला.

सिटाग्लिप्टिन या शुगरच्या गोळीवरून दोन देशांतला फरक चांगला कळतो. अमेरिकेत सरकारने कंपनीशी घासाघीस करून तिच्या महिन्याच्या पुरवठ्याची किंमत 527 डॉलरवरून 113 डॉलरवर आणली, ती लागू झाली 1 जानेवारी 2026 पासून. आपल्याकडे 2022 मध्ये त्याच औषधाचं पेटंट संपलं, लगेच बऱ्याच कंपन्या उतरल्या आणि सप्टेंबर 2022 मध्ये जनऔषधी केंद्रात 50 मिलिग्रॅमच्या 10 गोळ्या 60 रुपयांना मिळायला लागल्या. इथे घासाघीस कोणी केली नाही, स्पर्धेने काम केलं. त्याचा फायदा विमा कंपनीला झाला नाही, थेट मेडिकलच्या काउंटरवर तुम्हाला झाला. अर्थात तुम्ही मागितलं असेल तर.

आपल्याकडेही ओपीडीची औषधं देणाऱ्या पॉलिसी किंवा रायडर निघालेत. ते घेण्याआधी एक विचार करा. विमा चालतो तो अनिश्चित खर्चावर, शंभरातल्या पाच-सात जणांना लागेल अशा. दर महिन्याची बीपीची गोळी शंभर टक्के लागणारच आहे. तेव्हा कंपनी तेवढे पैसे, शिवाय स्वतःचा खर्च, हप्त्यात धरणारच. 10,000 च्या ओपीडी मर्यादेसाठी 8-9 हजार जादा मागत असतील तर ते पैसे स्वतःजवळ ठेवलेले बरे. ईएसआयची गोष्ट निराळी. एमआयडीसीतल्या कारखान्यात महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआयची कपात होणाऱ्या कामगाराला दवाखान्यातली रोजची औषधंही मिळतात. पगारातून जातात फक्त 0.75 टक्के. मालकाचे 3.25 टक्के वेगळे. पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात असूनही कार्ड न काढलेले लोक असतात, त्यांनी ते आधी काढावं.

आता त्या नोटिशीकडे येऊ

काकांच्या नोटिशीसारखं एक उदाहरण घेतो. आकडे माझे, सोपे धरलेले.

गेल्या वर्षी मूळ हप्ता 26,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 4,680. एकूण भरले 30,680. या वर्षी नोटिशीत 31,200. जीएसटी शून्य. म्हणजे टॅक्स जाऊनही 520 रुपये जास्त.

काय झालं? मूळ हप्ता 26,000 वरून 31,200 झाला, म्हणजे 20 टक्के वाढला. जीएसटी जुनाच राहिला असता तर 36,816 भरावे लागले असते. टॅक्स गेल्याचे 5,616 रुपये वाचलेच आहेत, फक्त वाढीने ते गिळले.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकतो. 18 टक्के जीएसटी गेला म्हणजे हप्ता 18 टक्के उतरत नाही. 118 चे 100 झाले, म्हणजे सव्वापंधरा टक्के. तसंच 12 टक्के जीएसटीचं औषध 112 ला मिळत होतं, ते 5 टक्क्यांनी 105 ला. बचत सव्वासहा टक्के, सात नाही. वर वापरलेला सव्वासहाचा आकडा तो हाच.

मग मूळ हप्ता 20 टक्के का वाढतो? पहिलं कारण बहुतेक वेळा वय. कंपन्या 46-50, 51-55, 56-60 असे वयाचे टप्पे धरतात आणि 56 लागलं की दर एका पायरीने वर जातो. नोटिशीत 'एज बँड' असं कुठेतरी बारीक अक्षरात असतं. दुसरं, सगळ्यांसाठीच दर वाढवलेला असणं. तिसरं थोडं तांत्रिक आहे. हप्त्यावर जीएसटी होता तेव्हा कंपनी स्वतः भरलेला जीएसटी (एजंटचं कमिशन, ऑफिसचं भाडं, सॉफ्टवेअर यांवरचा) त्यातून वळता करून घेत होती. हप्ता करमुक्त झाल्यावर ती सोय गेली. हा खर्च कुठून तरी निघणार. काही कंपन्यांनी एजंटचं कमिशन जीएसटीसहित धरायला सुरुवात केली, म्हणजे तो भार एजंटवर गेला.

आणि हो, कंपनीतर्फे मिळणाऱ्या ग्रुप पॉलिसीवर 18 टक्के जीएसटी तसाच आहे. सूट वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर पॉलिसीला आहे.

वय 60 च्या पुढे असेल तर एक नियम तुमच्या बाजूने आहे. विमा नियामक आयआरडीएआयने 30 जानेवारी 2025 ला सांगितलं की ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी नियामकाशी बोललं पाहिजे. नोटिशीत याहून मोठी उडी दिसली तर कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेलवर लेखी कारण विचारा. फोनवर विचारू नका, फोनवरचं काही शिल्लक राहत नाही.

जालनेकरांसाठी आणखी एक. बऱ्याच पॉलिसींत शहरानुसार झोन असतात. जालन्याचा पत्ता असला की हप्ता मुंबई-पुण्यापेक्षा कमी लागतो. पण मोठं ऑपरेशन निघालं की आपण पुणे किंवा मुंबई गाठतो, आणि काही पॉलिसींत वरच्या झोनमध्ये उपचार घेतले तर बिलाचा ठरावीक हिस्सा आपल्यावर येतो. स्वस्त हप्त्याचं कारण हे आहे का, ते पॉलिसीच्या कागदात 'झोन' शब्द शोधून पाहा.

पैसे वाचतात ते पहिल्या वहीत

हप्त्यात आपल्या हातात फार काही नाही. गोळ्यांच्या वहीत आहे. समजा घरात महिन्याला 1,400 रुपयांच्या गोळ्या लागतात, वर्षाला 16,800. जीएसटी कपातीने 1,050 रुपये आपोआप वाचले पाहिजेत, उरले 15,750. यातल्या निम्म्या किमतीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून जनऔषधीतून घेतल्या आणि त्या 60 टक्के स्वस्त पडल्या, तर आणखी 4,725 वाचतात. वर्षाचा खर्च 11,025. काकांच्या हप्त्यातली सगळी वाढ एवढ्यातच भरून निघते, वर पाच हजार हातात राहतात.

"आपोआप वाचले पाहिजेत" असं म्हटलं, पण तपासावं लागतं. कपातीच्या वेळी एनपीपीएने कंपन्यांना जुना माल परत बोलावून नवं लेबल लावायची सक्ती केली नाही. नव्या दराची यादी दुकानदाराकडे पाठवायची आणि विक्री नव्या दराने व्हायची, एवढंच बंधन घातलं. त्यामुळे स्ट्रिपवर जुनी एमआरपी छापलेली असली तरी बिल कमी दराचंच व्हायला हवं होतं. जुना साठा आता बराचसा संपलाय, तरी पक्कं बिल घ्या. बिलावर जीएसटीचा दर लिहिलेला असतो.

मोबाइलवर दोन ॲप ठेवा. 'फार्मा सही दाम' हे एनपीपीएचं ॲप. त्यात औषधाचं नाव टाकलं की कमाल किंमत आणि इतर ब्रँडच्या किमती दिसतात. ब्रँडचं नाव टाकून सापडलं नाही तर स्ट्रिपवर बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम टाका. कमाल किमतीत जीएसटी धरलेला नसतो, तो मिळवूनच स्ट्रिपवरच्या एमआरपीशी ताडून बघा, नाहीतर उगाच दुकानदाराशी भांडण व्हायचं. दुसरं 'जनऔषधी सुगम'. त्यात जवळचं केंद्र आणि तिथल्या औषधांच्या किमती कळतात. 1 ऑगस्ट 2023 नंतर बनलेल्या, जास्त खपाच्या 300 ब्रँडच्या पाकिटावर क्यूआर कोडही आहे. तो स्कॅन केला की बॅच, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, कंपनीचं नाव दिसतं. किंमत त्यात शोधू नका. तो कोड औषध खरं आहे का ते बघायला आहे.

गोळी बदलताना मात्र डॉक्टरांना विचारा. थायरॉइड, फिट्स, रक्त पातळ करणारी औषधं यांत ब्रँड बदलला तर पुन्हा तपासणी लागू शकते. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय हाही पर्याय आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क आहेत. साठा नेहमीच असतो असं नाही, पण घनसावंगी, मंठा, जाफ्राबादकडच्या माणसाला जालन्यापर्यंत येण्याच्या भाड्यात तिथे काम होत असेल तर का नाही.

सरकारी योजना असताना हप्ता भरावा का?

हा प्रश्न काकांचा नाही, काकूंचा होता, आणि तो रास्त आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून आता राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. 70 वर्षांच्या वरच्यांना उत्पन्न कितीही असलं तरी 'आयुष्मान वय वंदना' कार्ड निघतं, खासगी मेडिक्लेम असला तरी. या योजनांत प्रत्येक उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं आणि औषधं त्यातच धरलेली असतात. त्यामुळे औषध महाग झालं काय आणि स्वस्त झालं काय, तुमच्याकडून पैसे घ्यायचेच नाहीत. फरक पडतो तो हॉस्पिटलला. पॅकेज परवडत नाही म्हणून काही उपचार घ्यायला दवाखाने नाखूश असतात, त्यामागे हेही एक कारण असतं. सुट्टीनंतरची औषधं आयुष्मानमध्ये 15 दिवसांपर्यंत मिळतात. त्यापुढच्या गोळ्या पुन्हा पहिल्या वहीत.

माझं मत असं: 70 च्या वरचे असाल आणि जवळचं, तुमच्या विश्वासाचं हॉस्पिटल योजनेत असेल, तर खासगी पॉलिसीची रक्कम कमी करून हप्ता उतरवण्याचा विचार करायला हरकत नाही. 50-65 च्या मधले असाल, शुगर-बीपी असेल आणि पॉलिसीला 3 वर्षं होऊन गेली असतील, तर ती मोडू नका. 5 वर्षं सलग पूर्ण झाल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय "तुम्ही आजार लपवला" असं म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. ही पाच वर्षं पैशाने परत विकत मिळत नाहीत. हप्ता फारच जड जात असेल तर कंपनी बदला (पोर्टिंगमध्ये थांबण्याचा काळ सोबत येतो), पण त्यासाठी रिन्यूअलच्या तारखेआधी किमान 45 दिवस अर्ज करायला घ्या. तारीख चुकलीच तर वर्षाच्या हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते आणि महिन्याच्या हप्त्याला 15 दिवसांची.

काकांनी हप्ता भरला. काकूंच्या चारपैकी दोन गोळ्या डॉक्टरांना विचारून जनऔषधीच्या चालू केल्या. उरलेल्या दोन जोडगोळ्या आहेत, त्यांचं पुढच्या महिन्याच्या तपासणीत विचारायचं ठरलंय.